उमरटाकळी सोडून बाकी सगळी गावं

अकोला, पौष शुद्ध ७, शके १७८६

राजमान्य राजेश्री महादेवराव यांस अकोल्याहून खुशालराव देशमुखाचा रामराम. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

आपली बहीण मनकर्णा मागच्या आठवड्यात आमच्या घरून निघून आपल्याकडे आली. सांगून निघाली नाही. मी पेठेतून जेवायला आलो तर चूल थंड आणि शेजारीण दारात. नवऱ्याला न सांगता माहेरी जाण्याची चाल तुमच्या घराण्यात असेल तर मला लग्नात कोणी सांगितली नव्हती. असो. चार दिवस राहायला माझी ना नाही. पण संक्रांत तोंडावर आली आहे, पेठेतल्या बाया वाण घेऊन येतील, त्यांना काय सांगू? गाडी करून पाठवून द्यावी. आणायला मी येऊ शकत नाही. कापसाचा हंगाम आहे, मुंबईचा भाव रोज वर जातो, आणि अमेरिकेतले लोक एकमेकांचे गळे धरून आहेत आणि त्यांचा कापूस विलायतेला पोचत नाही तोवर मला श्वास घ्यायला सवड नाही. देव करो आणि ती लढाई आणखी दोन साल चालो.

रुसायचं कारण म्हणाल तर मला एकच दिसतं. मी नथ करायला टाकली होती, सोनारानं उशीर लावला. दुसरं काही घडलेलं नाही. त्याच आठवड्यात उमरटाकळीहून माझ्या आत्याबाई आजारी असल्याचा निरोप आला होता, मनकर्णा म्हणाली आपण जाऊन त्यांना इकडे घेऊन येऊ. मी लगोलग व्यवस्था केली. आमचा तिथला कारभारी नत्थुजी याला लिहिलं की वैद्य बोलाव आणि काय लागेल ते दे. आणखी माणूस काय करतो? तर भांडण त्यावरून नव्हे, नथेवरूनच.

नथ तयार आहे असं तिला सांगावं.

*

अमरावती, पौष शुद्ध १३

खुशालराव यांस महादेवाचा रामराम.

जावईबुवा, हे पत्र उभ्यानं वाचत असाल तर बसून घ्या. मनकर्णा इथं नाही. आलेलीच नाही.

तुमचं पत्र वाचून माझ्या हातातलं कापडाचं ठाण खाली पडलं. बायकोनं देव पाण्यात घातले. दुसऱ्या दिवशी गुलाम नबी गाडीवान दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हा गावोगावचा कापूस अमरावतीत आणतो, तुम्ही त्याला ओळखता. म्हणाला, ‘‘महादेवभाऊ, बाई सुखरूप हाये. पन कुठं हाये ते मले इचारू नका, म्या कसम खाल्ली.’’ मग त्यानं तिचा निरोप पाठ म्हणून दाखवला. मी तो जसाच्या तसा उतरवतो, माझ्या पदरचा एक शब्द नाही:

‘‘दादा, त्याईले सांगजा, मी कुठं आहो ते मी सांगत नाही. लग्नात मांडवाच्या दारी म्हणत होते, वऱ्हाडातलं कोन्तंबी गाव तीन खुणांत वळखतो. तं वळखा. आन् वळखलं तं सोता या, मी मुकाट्यानं गाडीत बसतो. मानूस पाठवला तं गाव चुकलं असंच धरीन. पयली खूण, या गावात कुनब्याच्या घरी ज्वारी इकत येते. दुसरी, गाई हायेत पन गायरान नाही, गाई शेताच्या धुऱ्यावर उभ्या रायतात. तिसरी, ज्या घरी मी आहो त्या घरात मानसाले जागा नाही, आढ्यापावतर कापूस भरला हाये. आमी गोठ्यात निजतो.’’

तुम्हाला आठवत असेलच. करवल्यांनी तुम्हाला मांडवाच्या दारात अडवलं होतं आणि गावांची कोडी घातली होती. पाण्याची चव सांगितली की तुम्ही गाव सांगत होता, देवळाचं तोंड कुठं ते सांगितलं की तालुका. आमच्याकडचे म्हातारे बोटं तोंडात घालून बसले. माझा बाप म्हणाला, पोरीला चालता-बोलता नकाशा मिळाला. आता तो नकाशा उघडा.

*

अकोला, पौष वद्य ५

महादेवराव यांस रामराम.

बाईमाणसानं कोडी घालावीत आणि पुरुषानं ती सोडवत बसावं, असे दिवस आले. पण कोडं इतकं सोपं आहे की हसू येतं. गाव खामगाव.

कसं ते ऐका. कुणब्याच्या घरी ज्वारी विकत कुठं येईल? जिथं कुणबी शेती सोडून दलालीला लागले तिथं. गायरान कुठं नसतं? शहरात. आढ्यापर्यंत कापूस कुठं असतो? वखारीत. तिची चुलत मावशी खामगावच्या बाजारामागे राहते, तिचा नवरा वखारीवर राखणदार आहे. झालं. तंबाखू मळून होईस्तोवर उत्तर आलं.

मी स्वतःच गेलो असतो, पण मुंबईहून दोन सौदे आलेत. म्हणून आमचा दिवाणजी सहदेव याला पाठवला आहे. सहदेव म्हणजे मीच, असं मनकर्णाला समजावून सांगता येईल.

‘आमी गोठ्यात निजतो’ यातलं हे ‘आमी’ कोण, तेवढं कळवावं. ती एकटी गेली होती.

पेठेत मी असं सांगितलं आहे की तुम्हाला पोटशूळ उठला आहे आणि बहीण सेवेला गेली आहे. अकोल्याचं कोणी भेटलं तर पोट धरून बसावं, ही विनंती.

*

अमरावती, माघ शुद्ध २

खुशालराव यांस.

तुमच्या पेठेतले दोन व्यापारी माझा पोटशूळ पाहायला आले. एकानं मला ओवा आणि काळं मीठ स्वतःच्या हातानं चारलं, दुसऱ्यानं लिंबाचा पाला वाटून पाजला. रात्री मला खरंच पोटशूळ उठला. तुमचा शब्द खोटा पडू दिला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

खामगाव नव्हे. सहदेव तुम्हाला हे सांगेलच. मावशीनं त्याला जेवू घातलं आणि मनकर्णा हरवल्याची बातमी आता तिकडेही पोचली. शिवाय माणूस पाठवल्यामुळं एक संधी वाया गेली, असं गुलाम नबी म्हणाला. तो हल्ली पंचासारखा बोलतो.

‘आमी’ कोण ते मलाही माहीत नाही. शेळ्या असतील.

नव्या खुणा आल्या आहेत:

‘‘मारोतीच्या देवळाम्होरं झाडाचे बुंधे हायेत, झाडं नाही. मारोती उन्हात बसला हाये. पारावर लोक बसत नाही, तिथं कापसाचा काटा टांगला हाये. आन् साऱ्या विहिरी खारट, एकच गोड, पन तिच्याकडं जायाची वाट नांगरून टाकली, म्हणून बाया दुसऱ्याच्या कपाशीतून चोरासारख्या पाण्याले जातात. त्याईले इचारजा, असं गाव पायलं का कवा?’’

माझं मत विचाराल तर मी कापडवाला, मला गावांतलं काय कळतं? पण पंचा विकताना गिऱ्हाईक काय मागतं याच्याआधी त्याच्या अंगावर काय आहे ते मी पाहतो. या खुणा कुठल्या गावाच्या आहेत यापेक्षा त्या कोणासाठी पाठवल्या आहेत, तिकडून विचार करून पाहा.

*

अकोला, माघ शुद्ध १२

महादेवराव यांस रामराम.

पंच्याचा दृष्टांत वाचला. कळला नाही.

यावेळी मी घाई केली नाही. तीन सांजा बसून विचार केला. खारट विहिरी म्हणजे पूर्णेच्या आसपासचा पट्टा, हे पोरगंही सांगेल. त्यात एक गोड विहीर असलेली गावं मला पाच ठाऊक आहेत. त्यातलं एक आमचंच, उमरटाकळी. कोड्यात आपलं गावही धरायचं असतं, सोडायचं नसतं, म्हणून मी तेही तपासलं. मुद्द्यानं लिहितो, म्हणजे पुन्हा शंका नको.

उमरटाकळीत मारोतीसमोर आमची आमराई आहे. बारा झाडं, माझ्या आज्यानं लावलेली. मारोतीला उन्हाळ्यातसुद्धा ऊन लागत नाही. उमरटाकळीला गायरान आहे, ओढ्यापासून थेट शिवेपर्यंत. मी लहानपणी तिथं गुरांमागं फिरलो आहे. उमरटाकळीत ज्वारी विकत घेणारा कुणबी अजून जन्माला यायचा आहे. आमचं एकट्याचं ज्वारीचं पेव उघडलं तर गाव साल काढील. तेव्हा उमरटाकळी नव्हे. हे गाव कुठलं तरी दळभद्री गाव आहे, जिथल्या पाटलाला लाज नाही.

आता तिकडेही थोडा बदल झाला असेल, मी नाही म्हणत नाही. तीन-चार साल जाणं झालेलं नाही. नत्थुजीला मी लिहिलं होतं की ओढ्याकडची पडीत जमीन पट्ट्यानं घे आणि ज्वारीच्या जागीही कपाशीच लाव. सावलीत कपाशी येत नाही, तेव्हा सावली करणारं जे असेल ते काढ. म्हणजे धुऱ्यावरच्या बाभळी. आणि घर तसं रिकामंच होतं, भाव आणखी चढेपर्यंत यंदाचा थोडा माल तिथं ठेवायला सांगितला. आत्याबाईंना एकटीला ओसरी पुष्कळ झाली. पण एवढ्यानं गाव काही बदलत नाही. गाव ते गावच.

राहिलेल्या चारांत काटा आणि पार एकत्र असलेलं गाव कारंज्याच्या वाटेवर आहे. तिथंच ती आहे. यावेळी मी स्वतः जाणार. कारंज्यात एक सौदाही आहे, म्हणजे एका गाडीभाड्यात दोन्ही कामं.

*

अमरावती, माघ वद्य १

चि. सौ. मनकर्णेस दादाचा आशीर्वाद.

पटवारीबुवा, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. वाचून झालं की ज्या तोंडानं वाचलं ते मिटावं. तुमच्या मुलीच्या लग्नाचं कापड मी खरेदीच्या भावात धरीन.

मने, तुझ्या नवऱ्यानं उमरटाकळी ओळखली. ओळखली आणि खोडून टाकली. का, तर म्हणे तिथं आमराई आहे, गायरान आहे आणि पेव भरलेलं आहे. आणि त्याच पत्रात, चार ओळी खाली, यातली एकेक गोष्ट आपण कशी मोडायला सांगितली ते त्यानं आपल्या हातानं लिहिलं आहे. मी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. हा माणूस लबाड नाही. त्याच्या डोक्यात ते गाव अजून तसंच उभं आहे, आणि तिथं आंब्याला मोहोर आला असेल असं तो धरून चालला आहे. अशा माणसावर राग तरी कसा धरायचा? तरी मी धरला आहे, तू काळजी करू नको.

माझ्या जिवाला हे आवडत नाही, खरं सांगतो. एक ओळ लिहिली की तो उद्या तिथं येईल. पण तू म्हणतेस, ‘‘आपन सांगतल्यावर आला तं पाव्हना म्हनून यील आन् पाव्हना म्हनून जाईल.’’ हेही खरं. म्हणून गप्प आहे. मात्र मेहुण्याशी खोटं वागून मला झोप येत नाही, आणि कोड्याची खुमखुमी लांबत गेली तर घर मोडेल. तो हट्टी आहे आणि तूही त्याच मातीची. आत्याबाईंचा खोकला कसा आहे? त्यांना तुझ्या हातची लापशी जाते का? गोठ्यात निजताना खाली गोणपाट नको, घोंगडी घाल. गुलाम नबीबरोबर दोन पाठवल्या आहेत. त्याच्या आईनं, हलीमाबीनं, खोकल्यासाठी काढ्याची पुडी दिली आहे.

*

अकोला, फाल्गुन शुद्ध ६

महादेवराव यांस.

मी कारंज्याच्या वाटेवरच्या त्या गावाला जाऊन आलो. तिथं मारोतीसमोर भला थोरला वड आहे, आणि माझी बायको नाही. तिथल्या पाटलानं विचारलं, काय शोधता? मी म्हटलं, झाडाचे बुंधे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच गाडीत बसलो.

आता स्पष्ट लिहितो. तुम्हाला ठिकाण माहीत आहे. तुमच्या पत्रांतून वास येतो. भाऊ-बहिणीनं मिळून माझा पोरखेळ मांडला आहे आणि अर्धं अकोला तमाशा बघत आहे. पोटशूळावर आता कोणाचा विश्वास राहिलेला नाही. काल शेजारच्या मैनाबाई भिंतीवरून म्हणाल्या, ‘‘खुशालभाऊ, पोटशूळ इतके दिवस रायला तं मानूस रायत नाही.’’

तिला इथं काय कमी होतं? दोन मजली घर, दारात घोडी, पाणी भरायला माणूस. ती गेली तेव्हा मला काही वाटलं नाही, राग होता. आता राग उतरला आणि घर खायला उठतं. आचारी ठेवला आहे, तो बनारसकडचा. भात करतो, पुऱ्या करतो, भाकरी त्याला थापता येत नाही. मी त्याला शिकवायला गेलो तर मलाही येईना. जेवायला बसलो की समोर कोणी नसतं. हे मी तुम्हाला का लिहितो आहे ते कळत नाही.

नथ घरी आली आहे. डबीत ठेवली आहे. हवी तर आणखी जड करून देतो, तसं तिला सांगा. सोडवायची कोडी माझी संपली. मुंबईचा भावही आता धरसोड करतो आहे, लढाई मिटते म्हणतात. माझं डोकं ठिकाणावर नाही.

*

अमरावती, चैत्र वद्य ४, शके १७८७

खुशालराव यांस.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर लावला. मुद्दाम लावला. तुम्ही माझ्यावर ठेवलेला आरोप खरा आहे आणि खऱ्या आरोपाला उत्तर लिहायला वेळ लागतो. होय, मला ठिकाण माहीत आहे. पहिल्या दिवशी नव्हतं, दुसऱ्या खेपेच्या खुणा ऐकल्या तेव्हा कळलं, आणि मी काही वऱ्हाडातली सगळी गावं ओळखणारा नव्हे.

नथेबद्दल. तुम्ही चार पत्रं लिहिली, दोनांत नथ आहे. मनकर्णानं दोनदा निरोप पाठवला आणि आता हा तिसरा. तिच्या निरोपांत नथेचा शब्द नाही. ती ज्या आठवड्यात निघाली त्या आठवड्यात तुमच्या घरी काय बोलणं झालं होतं, ते तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र जपून ठेवलं आहे, पण पाठवणार नाही. तुम्हीच आठवा.

हा शेवटचा निरोप. गुलाम नबी हा सांगताना पंचासारखा बोलला नाही, खाली बघून बोलला:

‘‘आता एकच खूण. इथं एक बुढी हाये. खोकला धरून हाये, डोयानं दिसनं कमी झालं. वाटेनं गाडी वाजली का इचारते, ‘अकोल्याची हाये का?’ मी म्हणलं, तिथं कोन हाये तुमचं? तं म्हणे, ‘एक पोट्टं हाये. माय मेली तवापासून म्याच वाढवलं. लई हुशार. त्याले वऱ्हाडातली सारी गावं ठावकी हायेत बाप्पा.’ अखजीपावतर मी वाट पायतो. त्या दिवशी बापाच्या नावानं घागर भराले त्याईनं इथं यावं. नाही आले तं मी भरीन, आन् मंग मी इथलीच. अकोल्याले येत नाही.’’

खुशालराव, माझी बहीण बोलते ते करते. अक्षयतृतीया दूर नाही. मी तुमच्या पाया पडतो, यावेळी हुशारी करू नका.

*

अकोला, चैत्र वद्य १४

महादेवराव यांस.

गाव ओळखलं. नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, गुलाम नबीला ठाऊक आहे, पटवाऱ्याला असणारच, आणि मैनाबाईंना मी काही बोललो नाही तरी त्यांनी आज भिंतीवरून विचारलं, ‘‘निघाले का बाप्पा एकदाचे?’’

तुमचं पत्र पेठेत आलं तेव्हा मुंबईचे दोन दलाल समोर बसले होते. वाचलं, घडी घातली, आणि सौद्याचं पुढं काय बोललो ते मला आठवत नाही. मग सहदेवला म्हटलं, पेठ तू बघ. तो म्हणाला, भाव पडतो आहे, आत्ता जाऊ नका. मी म्हटलं, पडू दे. हे शब्द माझ्या तोंडून निघाले यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही.

तिला आधी कळवू नका. गाडी जोडली आहे. माझ्या बापाच्या बहिणीला ओसरी पुष्कळ झाली असं मी तुम्हाला लिहिलं होतं, आणि नत्थुजीनं ओसरीतही कापूस भरला असणार. मी त्याला ओळखतो. मीच त्याला तसं शिकवलं.

*

उमरटाकळी, वैशाख वद्य ८

महादेवदादा यांस उमरटाकळीहून खुशालाचा रामराम.

तुम्ही हसाल, पण लिहितोच. गावाचं नाव ठाऊक असून मी गाव चुकलो. आमराई दिसली की उजवीकडं वळायचं, हे माझ्या हाडांत आहे. मी आमराईची वाट बघत राहिलो आणि गाडी पुढच्या गावात जाऊन पोचली. तिथं शेणाची पाटी घेऊन एक बाई चालली होती. तिला विचारावं लागलं, बाई, उमरटाकळी कुठं? ती म्हणाली, ‘‘मांगं रायली की. आंधळे का तुमी?’’ मी गाडीवानाला म्हटलं, वळव. तो हसत नव्हता, तेच मला लागलं.

बारा बुंधे मोजून घेतले. मोजायची गरज नव्हती. मारोतीचा शेंदूर उन्हानं ओघळला आहे. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. दोन पोरं बघत होती, त्यांनी जाऊन गावात सांगितलं की सरकारचा कोणी माणूस आलाय आणि मारोतीसमोर रडतोय. गाव गोळा झालं. एकानंही मला नावानं हाक मारली नाही. म्हाताऱ्यांनी ओळखलं असणार, पण ते जमिनीकडे बघत राहिले.

घरी गेलो. आपल्याच घराच्या दारात मला आत शिरता येईना, कापूस उंबऱ्याला टेकला होता. मागं गोठ्यात आत्याबाई बसल्या होत्या आणि मनकर्णा भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘‘उशीर झाला. पन गाव बरोबर हाये.’’ बस, एवढंच. मी दोन कोस बोलणी जुळवत आलो होतो, ती सोडून भाकरीला बसलो. नथेची डबी मी गाडीतून काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी अखजी होती. बापाच्या नावानं घागर मी भरली. पाणी गोड विहिरीचंच हवं म्हणून निघालो, आणि माझ्याच कपाशीतून चोरासारखा गेलो. त्याच दिवशी नत्थुजीला उभं करून वाट मोकळी करवली. तो म्हणाला, ‘‘तुमीच तं म्हणले होते, हातभर जागा सोडू नको.’’

घर रिकामं केलं. कापूस अंगणात आणि अंगणातून गाड्यांवर. सहदेवनं लिहिलं की अमेरिकेतली लढाई संपली, भाव बसला, आता जो मिळेल तो घ्या. घेतला. बायांनी दोन दिवस घर सारवलं, आत्याबाईंची बाज मधल्या खोलीत टाकली. हलीमाबीच्या काढ्यानं खोकला उतरतो आहे.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. मनकर्णा मुकाट्यानं गाडीत बसेन म्हणाली होती. मी म्हटलं, चला, दोघीही चला, आत्याबाईंनाही घेऊन जाऊ. ती म्हणाली, ‘‘मी येतो की. मी कवा नाही म्हणलं? पन आत्याबाईंले इचारा, त्या कोनाच्या गाडीत बसून राहिल्या ते त्याईले कळाले पायजे.’’

कारण असं की आत्याबाईंनी मला ओळखलेलं नाही.

पहिल्या दिवशी पायांवर डोकं ठेवलं तर म्हणाल्या, ‘‘कोन्या गावचे पाव्हने?’’ मी म्हटलं, आत्या, मी खुशाल, याच गावचा. त्या म्हणाल्या, ‘‘या गावचे सारे मले आवाजावरून ठाऊक हायेत. तुमचा आवाज इथला नाही.’’ तेव्हापासून रोज मी त्यांना खुणा सांगतो. गुळाची ढेप फोडताना पायावर पाडून घेतली तो मी. ओढ्याला पूर आला तेव्हा तुम्ही ज्याला कमरेला लुगड्यानं बांधून पल्याड नेलं तो मी. गोवर निघाला तेव्हा ज्याच्या उशाशी तुम्ही कडुलिंबाचा पाला हलवत बसला तो मी. त्या सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि कुठलं तरी भलतंच नाव सांगतात. परवा मी बाळापूरच्या कोण्या सावकाराचा मुलगा होतो. काल अकोटचा पिंजारी झालो. मनकर्णा चुलीकडे तोंड करून बसते आणि तिचे खांदे हलतात.

मला संशय आहे की आत्याबाईंनी मला गाडीच्या आवाजावरूनच ओळखलं होतं, अखजीच्या आदल्या दिवशी, उंबऱ्यापाशी पोचायच्या आधी. रात्री माझ्या अंगावर घोंगडी कोण टाकतं, ते काय मला कळत नाही? पण विचारायची हिंमत होत नाही. सकाळी त्या पुन्हा मला पाव्हने म्हणतात आणि मीठ-भाकरीला बसवतात, आणि मी बसतो.

अकोल्याला कधी परतेन ते सांगता येत नाही. सहदेवला लिहिलं आहे की माझी वाट पाहू नको. आज दुपारी मी धीर करून म्हटलं, आत्या, तुम्ही एक पोरगं वाढवलं होतं ना, तो कुठं असतो? त्यांनी थोडा वेळ माझ्या हातावरून हात फिरवला, बोटं चाचपली, आणि म्हणाल्या, ‘‘होता एक. अकोल्याले असते. लई मोठा मानूस झाला बाप्पा, त्याले सवड नसते. तुमी जेवून घ्या.’’